विश्लेषण : औषधाच्या सूक्ष्म पुटिकेला टेफ्लॉनसारखे अस्तर? फ्लोरिनयुक्त लिपिडांची ‘स्वयंजुळणी’ कशी होते? त्यात मेख कोणती?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, राज्यात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले आणि ‘लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी’ हे अवघड नाव घराघरांत पोहोचले. या इंजेक्शनच्या कुप्यांसाठी रुग्णांचे नातेवाईक वणवण फिरत होते. ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरील औषध जुनेच. पण साध्या स्वरूपात दिल्यास मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका मोठा. ‘लिपोसोमल’ म्हणजे तेच औषध मेदाच्या अतिसूक्ष्म पुटिकांत बसवून दिलेले. औषध रुग्णाला सोसवेल की नाही, हे अशा वेळी औषधाइतकेच त्याच्या वेष्टनावरही ठरते. हे वेष्टन गळके असू नये यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी गेल्या चार दशकांत अनेक उपाय करून पाहिले. त्यांपैकी एक म्हणजे लिपिडांच्या शेपटीत फ्लोरिन घालणे. तव्यावरच्या टेफ्लॉनमध्ये असतो तोच हा फ्लोरिन. अशा कृत्रिम लिपिडांपासून पुटिका जुळतात आणि त्या कमी गळतात, हे प्रयोगांत दिसले आहे. मात्र ज्या गुणामुळे त्या टिकाऊ ठरतात, त्याच गुणामुळे त्यांच्याविषयी प्रश्नही उभे राहिले आहेत.

लिपोसोम म्हणजे नेमके काय?

लिपिडाच्या रेणूला एक डोके आणि बहुधा दोन शेपट्या असतात. डोके जलस्नेही, म्हणजे पाण्यात रमणारे. शेपट्या कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्यांच्या, त्या जलविरोधी. असे रेणू पाण्यात गेले की दोन थरांत उभे राहतात. दोन्ही थरांतील शेपट्या एकमेकींकडे तोंड करून आत दडतात आणि डोकी दोन्ही बाजूंनी पाण्याला भिडतात. हा द्विस्तर गोल मिटला की तयार होते पुटिका, अर्थात व्हेसिकल. तिच्या पोटात पाणी, बाहेर पाणी आणि मध्ये चार-पाच नॅनोमीटर जाडीची भिंत. लिपिडांच्या अशा कृत्रिम पुटिकेला लिपोसोम म्हणतात. आपल्या प्रत्येक पेशीचे आवरणही मूलतः अशाच द्विस्तराचे असते.

केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम येथील संस्थेत ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी हे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले. या भिंतींतून आयन किती वेगाने बाहेर झिरपतात, याची मोजमापे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे गळतीचा प्रश्न लिपोसोमइतकाच जुना आहे. औषधांत वापरली जाणारी पुटिका साधारण १०० नॅनोमीटर व्यासाची असते. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा शेकडो पुटिका ओळीने मावतील. एका लिपिड रेणूने भिंतीवर व्यापलेली जागा धरून हिशेब केला, तर अशा एका पुटिकेत सुमारे ८० ते ९० हजार रेणू असतात.

कुणीही न बांधता ती जुळते कशी?

हे रेणू एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडलेले नसतात. त्यांना एकत्र आणते ते मुख्यतः पाणी. पाण्याचे रेणू आपापसांत सतत हायड्रोजन बंध जोडत-तोडत असतात. मध्ये तेलकट शेपटी आली की तिच्याशी असे बंध जुळत नाहीत. मग तिच्याभोवतीच्या पाण्याला स्वतःची मांडणी बदलावी लागते आणि त्याचे हालचालीचे स्वातंत्र्य कमी होते. विज्ञानाच्या भाषेत एन्ट्रॉपी घटते. शेपट्या एकत्र दडल्या की तेवढे पाणी मोकळे होते. वरणावर टाकलेल्या तुपाचे थेंब एकमेकांत मिसळून मोठा तवंग होतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. फरक इतकाच की तुपाला पाण्यात रमणारे डोके नसते, म्हणून त्याचा तवंग होतो. लिपिडाला ते असते, म्हणून त्याचा पडदा होतो. पडदा सपाट राहिला तर त्याच्या कडांवरच्या शेपट्या पाण्यात उघड्या पडतात. ते टाळण्यासाठी तो वळतो आणि मिटतो.

प्रयोगशाळेत याची कृती सोपी असते. लिपिड क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात विरघळवायचे, द्रावक उडवून चंबूच्या आतल्या बाजूला पातळ थर धरायचा, मग पाणी घालून हलवायचे. थर फुगतो, सुटतो आणि पुटिका होतात. त्या लहान-मोठ्या, अनेक पापुद्र्यांच्या असतात. त्यांना एका मापात आणण्यासाठी ध्वनिलहरींचा मारा करतात किंवा १०० नॅनोमीटरच्या छिद्रांच्या पडद्यातून त्या दाबाने पुन:पुन्हा गाळतात. जुळणी आपोआप होते. एकसारखेपणासाठी मात्र बाहेरून जोर लावावा लागतो.

गोळी, नळी की पिशवी, हे कशावर ठरते?

साबणाचा रेणूही डोके-शेपटीचाच. तरी साबणाच्या साध्या पाण्यात पिशव्या होत नाहीत, मिसेल नावाच्या भरीव गोळ्या होतात. याचे उत्तर भूमितीत आहे. जेकब इस्राएलश्विली, जॉन मिचेल आणि बॅरी निनहॅम यांनी १९७६ मध्ये त्याचे सोपे गणित मांडले. शेपटीचे घनफळ घ्यायचे आणि त्याला डोक्याने व्यापलेले क्षेत्रफळ गुणिले शेपटीची लांबी याने भागायचे. उत्तर एक-तृतीयांशापेक्षा कमी आले, तर रेणूचा आकार शंकूसारखा आणि त्यातून गोळी होते. एक-तृतीयांश ते अर्धा असेल, तर लांब नळ्या. अर्धा ते एक असेल, तर रेणू जवळपास सरळ खांबासारखा आणि त्यातून पुटिका किंवा सपाट पडदा. साबणाला एकच सडपातळ शेपटी, म्हणून गोळी. लिपिडाला दोन शेपट्या, म्हणून पिशवी. शेपटी जाड केली तर काय होईल, या प्रश्नापाशी फ्लोरिन येतो.

फ्लोरिनच का?

शेपटीतील हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवला की चार गोष्टी बदलतात. पहिली, जाडी. फ्लोरिनचा अणू हायड्रोजनपेक्षा मोठा. साध्या साखळीचा छेद सुमारे ०.२० चौरस नॅनोमीटर भरतो, तर फ्लोरिनयुक्त साखळीचा जवळपास ०.३०. दोन शेपट्यांची मिळून जाडी डोक्याच्या विस्ताराला गाठते आणि वरच्या गणितातील उत्तर एककडे सरकते. पुटिकेसाठी हा आकार सोयीचा. दुसरी, ताठपणा. साधी साखळी वळते, वाकते. फ्लोरिनयुक्त साखळी किंचित पीळ असलेल्या काठीसारखी उभी राहते आणि शेजारणींना नीट खेटून बसते.

तिसरी गोष्ट पाण्याशी असलेल्या वैराची. जाड साखळीला पाण्यात मोठी पोकळी लागते, म्हणून ती पाण्यातून अधिक जोराने बाहेर लोटली जाते. चौथी सर्वांत वेगळी. फ्लोरिन आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे या साखळ्यांचे इतर रेणूंशी आकर्षण क्षीण असते. पाण्याचा पृष्ठताण ७२ एकक, म्हणजे मिलिन्यूटन प्रतिमीटर, धरला तर हेक्झेन या साध्या तेलकट द्रवाचा सुमारे १८ आणि त्याच्याच फ्लोरिनयुक्त भावंडाचा, परफ्लुओरोहेक्झेनचा, फक्त १२ च्या आसपास. ही दोन भावंडे एका बाटलीत ओतली तर साधारण २३ अंश सेल्सिअसच्या खाली त्यांचे वेगळे थर होऊ शकतात. म्हणजे फ्लोरिनयुक्त शेपटी पाण्याला टाळते, तशीच तेलालाही टाळते. नॉनस्टिक तव्याला पाणी आणि तेल दोन्ही धरत नाहीत, ते याचमुळे.

अशा लिपिडांची शेपटी सहसा पूर्ण फ्लोरिनची नसते. डोक्याजवळचा भाग साधा हायड्रोकार्बनचा ठेवतात आणि टोकाकडचा फ्लोरिनचा. त्यामुळे पुटिकेच्या भिंतीच्या अगदी गाभ्यात फ्लोरिनचा पातळ पापुद्रा तयार होतो. जाकिटाच्या आत अस्तर असावे तसा. पाण्यात विरघळणारा रेणू बाहेर पडू पाहील तर तो या पापुद्र्यापाशी अडतो. तेलात विरघळणाऱ्यालाही तिथे फारसा थारा नसतो.

प्रयोगांत काय दिसले?

पुटिकेसाठी निसर्गातलेच लिपिड लागते, ही समजूत जपानच्या क्युशू विद्यापीठातील तोयोकी कुनिताके आणि योशिओ ओकाहाता यांनी १९७७ मध्ये मोडली. दोन शेपट्यांचे, पूर्णपणे कृत्रिम आणि अगदी साधे अमोनियम संयुग पाण्यात द्विस्तर बनवते, हे त्यांनी दाखवले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात कुनिताके यांच्या गटाने फ्लोरिनयुक्त शेपट्यांचे द्विस्तरही तयार केले. जर्मनीत हेल्मुट रिंग्सडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अशा रेणूंच्या लिपोसोमचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रान्समधील नीस येथे जाँ रिएस आणि सहकाऱ्यांनी पुढे औषधवहनाचे उद्दिष्ट ठेवून फ्लोरिनयुक्त फॉस्फोलिपिडांची मालिकाच घडवली. याच गटाने १९९३ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट मांडली : फ्लोरिनयुक्त शेपटी असेल तर एका शेपटीचा रेणूही एकट्याच्या बळावर पुटिका करू शकतो. साध्या साखळीच्या अशाच रेणूंच्या सहसा गोळ्या होतात.

गळती मोजण्याची युक्ती सुबक आहे. कार्बोक्सिफ्लुओरेसिन नावाचे चमकणारे रंगद्रव्य दाट प्रमाणात पुटिकेत भरतात. दाटीवाटीत त्याचे रेणू एकमेकांची चमक मारतात, त्यामुळे द्रावण मंद दिसते. पुटिका गळली की रंगद्रव्य बाहेर पातळ होते आणि चमकू लागते. चमक जितकी वाढेल तितकी गळती. नीसच्या गटाने १९९४ मध्ये ही चाचणी नुसत्या पाणीदार द्रावणात नव्हे, तर मानवी रक्तद्रवातही केली. रक्तद्रवातील प्रथिने भिंतीतून लिपिडे ओढून घेतात, म्हणून तिथे टिकणे अवघड. अनेक फ्लोरिनयुक्त पुटिकांनी तिथे साध्या पुटिकांपेक्षा रंगद्रव्य अधिक काळ धरून ठेवले.

साधी आणि फ्लोरिनयुक्त लिपिडे मिसळली तर?

तेलाला टाळण्याचा गुण इथे पुन्हा दिसतो. एकाच भिंतीत दोन्ही प्रकारची लिपिडे घातली तर ती काही वेळा अलग होतात आणि भिंतीवर फ्लोरिनची बेटे तयार होतात. जिवंत पेशीच्या आवरणातही लिपिडांचे असे वेगवेगळे प्रदेश असतात, असे मानले जाते. ते कसे बनतात आणि काय काम करतात, हे तपासण्यासाठी फ्लोरिनची बेटे सोयीचे प्रारूप ठरतात.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हर्जिल पर्सेक यांच्या गटाने हे पुढे नेले. त्यांनी लिपिडांसारखेच दुतोंडी पण फांद्याफांद्यांचे रेणू तयार केले. त्यांच्या पुटिकांना ‘डेंड्रिमरसोम’ म्हणतात. या गटाने २०१६ मध्ये दाखवले की साध्या आणि फ्लोरिनयुक्त शेपट्यांचे असे रेणू एकत्र ठेवले, तर ते आपापल्या वेगळ्या पुटिकांत विभागले जाऊ शकतात. दोन्ही शेपट्या असलेला तिसरा, संकरित रेणू मध्यस्थ म्हणून घातला की ते एकाच पुटिकेत नांदतात. कोण कोणासोबत राहील, हे रेणूच्या बांधणीतच लिहून ठेवता येते, असा याचा अर्थ.

याचा उपयोग कुठे?

पहिला अर्थातच औषधवहनात. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन लिपोसोममध्ये भरून देणारे ‘डॉक्सिल’ अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झाले. २०१२ मध्ये तिथे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकी औषध प्रशासनाने मुंबईच्या सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ आयात करण्यास तात्पुरती मुभा दिली होती. म्हणजे लिपोसोम बनवण्याचे तंत्र भारतीय उद्योगाला नवे नाही. मात्र या मंजूर औषधांत लिपिडे साधी, फ्लोरिनविरहितच आहेत. डॉक्सिल आणि लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन या दोन्हींत सोयाबीनपासून मिळवलेले लिपिड हायड्रोजन देऊन घट्ट केलेले असते. त्याला कोलेस्टेरॉलची जोड देऊन गळती रोखली जाते.

दुसरा उपयोग शरीराच्या प्रतिमा घेण्यात. निसर्गातील सगळा फ्लोरिन एकाच समस्थानिकाचा, फ्लोरिन-१९ चा असतो आणि तो चुंबकीय अनुनादात हायड्रोजनच्या खालोखाल जोरकस संकेत देतो. शरीराच्या मऊ ऊतींत त्याचा स्वतःचा असा संकेत जवळपास नसतोच. त्यामुळे फ्लोरिनयुक्त कण शरीरात सोडले, तर एमआरआयमध्ये दिसणारा फ्लोरिनचा संकेत त्यांचाच, असे म्हणता येते. तिसरा धागा प्राणवायूचा. फ्लोरोकार्बन द्रवांत प्राणवायू भरपूर विरघळतो. १९६६ मध्ये लेलँड क्लार्क आणि फ्रँक गोलन यांनी प्राणवायूने भरलेल्या अशा द्रवात बुडवलेले उंदीर श्वास घेत जिवंत राहतात, हे दाखवले होते. त्यातून निघालेले ‘फ्लुओसोल’ हे प्राणवायूवाहक औषध १९८९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि १९९४ मध्ये बाजारातून गेले. ते पुटिकांचे नव्हते, थेंबांचे दुधी मिश्रण होते. पण फ्लोरोकार्बन द्रव रक्तात देता येतात, हे त्याने दाखवून दिले.

मग अडचण काय?

कार्बन-फ्लोरिन बंध तोडायला साधारण ४८५ किलोज्यूल प्रतिमोल ऊर्जा लागते. कार्बन-हायड्रोजनला सुमारे ४१३. सेंद्रिय रसायनशास्त्रातील हा सर्वांत मजबूत एकेरी बंधांपैकी एक. साध्या लिपिडाचे काम संपले की शरीर त्याचे तुकडे करते आणि शेपट्या चरबीसारख्या जाळून टाकते. फ्लोरिनयुक्त लिपिडाचे डोके आणि शेपटी यांना जोडणारा एस्टर बंध शरीरातील विकरे तोडू शकतात, पण सुटलेल्या शेपटीतील दाट फ्लोरिनयुक्त भाग जाळण्याची सोय शरीरात नाही. फ्लुओसोलसारख्या मिश्रणातील बाष्पशील द्रव फुप्फुसांवाटे हळूहळू बाहेर पडतात. शेपटीला आम्लाचे टोक असेल, तर ती वाट तिला मिळत नाही.

पीफास किंवा ‘चिरंतन रसायने’ म्हणून जगभर गाजत असलेल्या गटाशी इथे संबंध येतो. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या २०२१ च्या व्याख्येनुसार, ज्या रेणूत पूर्ण फ्लोरिनयुक्त एक तरी मिथाइल किंवा मिथिलीन गट असेल, तो ढोबळमानाने पीफास. फ्लोरिनयुक्त लिपिडे या व्याख्येत बसतात. या गटातील सर्वांत बदनाम सदस्य, आठ कार्बनचे पीएफओए, माणसाच्या शरीरातून निम्मे कमी व्हायला काही वर्षे लागतात. स्टॉकहोम कराराच्या यादीत ते २०१९ मध्ये आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये त्याला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा एक लाख कोटी भागांत चार भाग इतकी खाली आणली.

महाराष्ट्रातही हा विषय पोहोचला आहे. इटलीच्या ट्रिसिनो गावातील मितेनी ही फ्लोरिन रसायनांची कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. परिसरातील पाणी दूषित केल्याच्या खटल्यात जून २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने तिच्याशी संबंधित ११ माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. त्या कारखान्याची यंत्रसामग्री रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली आहे आणि त्यावरून कोकणात चिंता व्यक्त होते आहे. प्रयोगशाळेत काही ग्रॅममध्ये बनणारी लिपिडे आणि कारखान्यांत टनांनी बनणारी रसायने यांची तुलना होऊ शकत नाही. पण औषध बाजारात आले की ग्रॅमचे किलो होतात आणि शेपट्यांचा कच्चा माल याच उद्योगातून येतो.

पुढे काय?

मार्ग तीन दिसतात. पहिला, शेपटीतील फ्लोरिनचा तुकडा आखूड करणे. आखूड साखळ्या शरीरातून साधारणपणे लवकर बाहेर पडतात. पण साखळी आखूड झाली की अस्तर पातळ होते आणि गळती पुन्हा वाढू शकते. दुसरा, भिंतीत साध्या लिपिडांबरोबर फ्लोरिनयुक्त लिपिडांचा थोडाच वाटा ठेवणे. इथे बेटे होण्याचा गुण सांभाळावा लागेल, कारण बेटाच्या काठाशी भिंत कच्ची राहू शकते. तिसरा, जिथे फ्लोरिनला पर्यायच नाही, उदाहरणार्थ एमआरआयमधील मागोवा, तिथेच तो वापरणे. शरीराबाहेर फ्लोरिनयुक्त आम्ले मोडण्याचे उपायही पुढे येत आहेत. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील विल्यम डिक्टेल यांच्या गटाने २०२२ मध्ये अशा काही आम्लांचे सोडियम हायड्रॉक्साइड आणि डायमिथाइल सल्फॉक्साइड वापरून सुमारे १२० अंशांपर्यंतच्या तापमानात विघटन करून दाखवले. कारखान्याच्या सांडपाण्यासाठी हे आशादायक आहे. रुग्णाच्या रक्तात मात्र ही कृती शक्य नाही.

म्हणून या लिपिडांबाबत ‘पुटिका जुळते का’ आणि ‘ती गळते का’ या दोन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी मिळाली असली, तरी तेवढ्यावर औषध होत नाही. काम झाल्यावर ती सुटी कशी होणार आणि सुटलेले तुकडे कुठे जाणार, हा तिसरा प्रश्न आता रेणूचा आराखडा काढतानाच विचारावा लागेल. सोयाबीनच्या लिपिडाला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण त्याचे उत्तर शरीराकडे आधीपासून होते. फ्लोरिनच्या शेपटीचे उत्तर रसायनशास्त्रज्ञांनाच द्यावे लागणार आहे.